पंचवीसचा कट्टा

घरात आम्ही तेलुगूत बोलतो,
मोजते मात्र मी मराठीत.
पालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत तेवढंच पक्कं झालं.
पंचवीस विड्यांचा कट्टा,
चाळीस कट्ट्यांचे हजार.
झोपेतही तुझी बोटं वळतात, अंबादास म्हणतो.

पुरू मावशीबरोबर गड्ड्याला गेला,
आकाशपाळण्यात बसला,
येताना पिपाणी आणली आणि वाहतं नाक.
दोन दिवस शिंकला, तिसऱ्या दिवशी शाळेत पळाला.
त्याचं संपलं.
जाताना लक्षिताचा पापा घेऊन गेला.

ती आठ महिन्यांची.
आधी नुसतं नाक. मग दूध ओढेना,
दोन घोट, सोड, धाप,
दोन घोट, सोड.
छातीत काहीतरी वाजत होतं,
लांबच्या गल्लीत कुणी पिपाणी फुंकावी तसं.
सासूबाई म्हणाल्या, ओव्याची धुरी दे.
शेजारची म्हणाली, मीठमिरच्या ओवाळ.
रेहाना आशाताई आली ती म्हणाली,
झबलं वर कर.
बघ, बरगड्यांखाली खड्डा पडतोय.
मोबाईलवर एक मिनिट लावलं तिनं.
तूच मोज, तुझा हात बसलाय मोजण्यात.

पोट वर, एक. पोट वर, दोन.
पंचवीसला बोटं आपोआप दोरा शोधू लागली.
पन्नास. दोन कट्टे झाले
आणि मिनिट अजून उरलंच होतं.

बासष्ट.

रेहाना काही बोलली नाही. रिक्षा बोलावली.

अंबादास अक्कलकोट रोडला रात्रपाळीत.
फोनमध्ये माग एवढे वाजत होते
की मी तीनदा ऊपिरी, ऊपिरी, ऊपिरी म्हणाले,
श्वासाला आमच्यात तसं म्हणतात.
चौथ्यांदा त्यानं माग बंद केले.

सिव्हिलमधली कलशेट्टी डॉक्टर माझ्याहून लहान,
डोळ्यांत दोन रात्रींचं जागरण.
विषाणू आहे, म्हणाली.
मोठ्या पोराला तो नुसती सर्दी देतो,
हिच्या छातीतल्या बारीक नळ्या सुजल्यात.
याला मारणारं औषध नाही, अँटिबायोटिक मागू नका.
ऑक्सिजन लावू, नाक मोकळं ठेवू,
दूध थोडं थोडं,
आणि वाट बघू.
वाट बघणं हे औषध मी पहिल्यांदाच ऐकलं.
वॉर्डात खाटेखाटेवर तीच पिपाणी.

मग विचारलं, घरात तंबाखू?
कुणी ओढत नाही, मी म्हणाले. खरंच होतं.
तिनं माझ्या हातांकडे बघितलं.
सूप कुठे ठेवता?
पाळण्याखाली.
तिथंच सावली असते, पानं मऊ राहतात.
हे शेवटचं मी बोललेच नाही.

पहाटे अंबादास आला,
भुवयांवर सुताची पांढरी पूड.
दारातच थबकला. अंग झटकलं,
माघारी गेला, नळाखाली डोकं धरलं,
मग थंडीत कुडकुडत पोरीजवळ आला.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या रात्री अठ्ठेचाळीस.
सहाव्या सकाळी अडतीस,
आणि एका दमात दूध, माझं मंगळसूत्र ओढत.

आता सूप बाहेर पायरीवर.
वाऱ्यानं पानं वाळतात, कडेला फाटतात,
हजाराचे सातशे होतात.
तिला उचलण्याआधी कोपरापर्यंत हात धुते,
वास पूर्ण जात नाही.

गुरुवारी कारखान्यात चेकरनं कट्टा सोडला.
हा सव्वीसचा. हाही.
नुकसान तुझंच, भान कुठं असतं बाई?
राहू दे, म्हणाले.
तो वाकून जादाच्या विड्या वेगळ्या करत होता,
शर्टाच्या गुंड्या वर जात होत्या, खाली येत होत्या.
मिनिटभर मी उभी राहिले.
अठरा.
ठीक आहे माणूस.